मावळ्याच्या हातात काय होते?

नसरापूरला आमचा रात्रीचा वर्ग भरतो. गुरे बांधून, जेवणे उरकून मंडळी येतात. एका रात्री एक मावशी फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आल्या. टेबलावर ठेवताना खणकन आवाज झाला.

मावशी म्हणाल्या, “गुरुजी, माळ्यावर हे लोखंड पडलंय. भंगारवाला वजनावर पैसे देतो म्हणतोय. देऊन टाकू का? सासूबाई मात्र म्हणायच्या, हे मोडीत घालू नको.”

फडके सोडले. आत एक लोखंडी खोळ होती. कोपरापर्यंत हात जाईल एवढी लांब. तिच्या टोकाला वीतभर मोडके पाते. सगळ्यावर गंज चढलेला.

एकजण म्हणाला, “जुन्या मोटेचं काहीतरी असंल.” दुसरा म्हणाला, “छे, इंजनाचा नळ दिसतोय.” आम्ही मावशींना म्हणालो, “यात हात घाला बरं.” त्यांनी हात घातला. आत बोटांना आडवा दांडा लागला. तो मुठीत धरताच हात आणि लोखंड एक झाले. मावशी दचकल्या. म्हणाल्या, “अगं बाई! हे तर हत्यार हाय!”

होय, ते हत्यारच. त्याला पट्टा म्हणतात. दांडपट्टा हेही त्याचेच नाव.

मग त्या रात्री धडा बाजूला राहिला. मंडळींनी आम्हाला प्रश्न विचारून भंडावून सोडले. चित्रात तर सगळ्या मावळ्यांच्या हातात तलवार असते. मग पट्टा कोणाचा? सगळ्यांच्या अंगात चिलखत असायचे का? बंदुका होत्या की नव्हत्या? त्या रात्री जे बोलणे झाले, त्यावरून हा पाठ लिहिला आहे.

आधी मुलूख पाहू

हत्यार समजायचे तर आधी मुलूख समजावा लागतो. तो पाहायला आपल्याला लांब जायला नको. नसरापुरातून चार दिशांना तोंड फिरवा. पश्चिमेला राजगड, त्याच्या पलीकडे तोरणा. उत्तरेच्या बाजूला सिंहगड. पूर्वेला पुरंदर. दक्षिणेला भोरच्या जवळ रोहिडा. गुंजण मावळ, हिरडस मावळ, रोहिडखोरे ही सारी आपल्या शेजारची खोरी. कान्होजी जेधे कारीचे. बाजीप्रभू देशपांडे हिरडस मावळातले. शिवाजी महाराजांच्या पहिल्या फौजेत माणसे आली ती या खोऱ्यांतून.

या मुलखात सपाट जमीन थोडी. वाटा अरुंद. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ओढा. करवंदीच्या जाळ्या, कारवीचे रान. अशा जागी जड चिलखत घातलेला घोडेस्वार काय करील? घोडा घसरेल. माणूस दमेल. इथे लागतो तो हलक्या अंगाचा, काटक, पायी चालणारा माणूस. आणि त्याच्या हातातले हत्यारही हलकेच हवे.

मावळा बहुतेक वेळी शेतकरी होता हेही विसरू नका. पावसाळ्यात फौज छावणीला परत यायची. दसऱ्याला पुन्हा बाहेर पडायची. आठ महिने बाहेर, चार महिने मुलखात. कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत हे सारे लिहिले आहे. बखर म्हणजे जुन्या काळची हकिगत. फौज निघताना कोणाजवळ काय चीजवस्तू आहे याची यादी व्हायची. परत आल्यावर पुन्हा झडती. जादा निघाले तर ते सरकारात जमा. हिशेब चोख होता.

तेव्हा ज्या हातात आठ महिने ढाल असायची, त्याच हातात बाकीचे दिवस कुऱ्हाड, विळा आणि गोफण असायची. गोफण तर तुम्ही आजही पाखरे हाकायला वापरता. माळ्यावर उभे राहून ज्वारी राखणारा पोरगा जो दगड भिरकावतो, तोच दगड गडाच्या तटावरून खाली आला तर चढणाऱ्याचे डोके फुटते. गडावर दगडगोट्यांचे ढीग रचून ठेवत. मोठे धोंडे वरून लोटून देत. याला ना लोहार लागतो, ना पैसा. आम्हाला विचाराल तर डोंगरी किल्ल्याचे सगळ्यात जुने आणि स्वस्त हत्यार हेच.

खंडेनवमीला आपण तलवार असेल तर तलवार पुजतो, नसेल तर कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ पुजतो. दोन्ही एकाच पाटावर ठेवतो. त्याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल.

तलवार आणि ढाल

तलवारीचे मुख्य दोन प्रकार ध्यानात ठेवा. एक वाकडी, एक सरळ.

वाकडी तलवार कापायला चांगली. विळ्याने गवत कसे कापता? आपटून नाही कापत. विळा ओढता, तेव्हा कापते. वाकड्या पात्याचेही तसेच. घोड्यावरून जाता जाता वार केला की पाते आपोआप ओढले जाते. म्हणून स्वाराला वाकडी समशेर आवडे.

सरळ लांब तलवारीला धोप म्हणत. ती भोसकायलाही चालते आणि तोडायलाही. तिची पाती पुष्कळदा परदेशातून येत. पोर्तुगीज आणि इतर युरोपी व्यापारी जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर आणत. म्हणून अशा पात्याला फिरंग हे नाव पडले. पाते फिरंग्याचे, मूठ मात्र आपल्या लोहाराची. मुठीला बोटे झाकणारी लोखंडी पट्टी असते, तिला परज म्हणतात. परजेमुळे समोरच्याचा वार बोटांवर येत नाही.

तलवारीचे वजन किती असेल? वर्गात कोणी म्हणाले पाच किलो, कोणी दहा. मंडळी, साधी लढाईची तलवार एक किलोच्या आसपास असते. थोडी कमी, थोडी जास्त. पाच किलोची तलवार घेऊन घटकाभर लढून दाखवा! हात गळून पडेल. मोठ्या वीराची तलवार फार जड होती असे सांगायची आपल्याला हौस आहे. पण त्यात वीराचा मोठेपणा नाही. चांगल्या तलवारीचा तोल मुठीजवळ असतो. ती हातात हलकी वाटते, तेव्हाच ती पुन्हा पुन्हा फिरते.

आता ढाल. ढाल गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची, वाटोळी. कातडे कमवून, वाळवून टणक करत. पुढच्या बाजूला चार लोखंडी किंवा पितळी फुले दिसतात. ती शोभेची वाटतात, पण शोभेची नाहीत. त्या फुलांचे देठ कातड्यातून आरपार जाऊन मागच्या चार कड्यांना धरून ठेवतात. त्या कड्यांना मुठी बांधलेल्या असतात. मुठींच्या मध्ये छोटी गादी, म्हणजे वार बसला की बोटांचे हाड मोडत नाही. फूल निखळले की मूठ सुटली, आणि मूठ सुटली की ढाल हातातून गेली.

ढाल गेली तर काय होते, ते सिंहगडाला विचारा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि उदेभान समोरासमोर आले. लढताना तानाजींची ढाल तुटली. दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही. सभासद सांगतात, तानाजींनी डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर वार झेलले. दोघेही तिथेच पडले. गड मिळाला. हातभर कातड्याच्या तुकड्याची किंमत त्या रात्री किती होती, याचा विचार आमच्या मनात नेहमी येतो.

पट्टा

आता मावशींच्या पट्ट्याकडे वळू.

तलवार मनगटातून फिरते. पट्ट्याचे तसे नाही. पट्ट्यात हात कोपराजवळपर्यंत लोखंडी खोळीत अडकलेला असतो. मनगट वळतच नाही. म्हणून पट्टा फिरतो तो खांद्यातून, कमरेतून, पायांतून. पट्टा फिरवणारा माणूस सगळा अंगाने फिरतो. त्याचे पाते सरळ, लांब आणि दोन्ही बाजूंनी धारेचे. चांगले पाते लवचीक असते. वाकते, पण मोडत नाही.

याचा फायदा काय? एकतर हात झाकलेला राहतो. दुसरे म्हणजे पट्टा हातातून निसटत नाही. तिसरी गोष्ट मोठी आहे. एक माणूस चार जणांना दूर ठेवू शकतो. तो गोल फिरत असला की जवळ जाण्याची कोणाची छाती होत नाही. अरुंद वाट अडवायला, वेढ्यातून बाहेर पडायला, मोठ्या माणसाच्या अंगरक्षणाला पट्टेकरी उपयोगी पडे.

तोटाही आहे, तो लपवून कसे चालेल? पट्टेकऱ्याजवळ आपला माणूससुद्धा उभा राहू शकत नाही. दाटीवाटीत पट्टा चालवला तर आपलाच गडी कापला जाईल. शिवाय तो शिकायला फार दिवस लागतात. अडाणी हातात पट्टा दिला तर पहिला वार त्याच्याच पायावर बसायचा. म्हणून दहांत नऊ जणांकडे ढाल-तलवार किंवा भाला, आणि पट्टा एखाद्याकडे.

शिकवणी तालमीत होई. आधी लाकडी काठी. मग फरी-गदगा. फरी म्हणजे कातड्याची लहान ढाल आणि गदगा म्हणजे वेताची गुंडाळलेली काठी. त्याने वार बसला तरी जीव जात नाही, वळ मात्र उठतो. तो वळ पुष्कळ शिकवतो. मग बोथाटी, म्हणजे टोकाला बोंडूक लावलेला भाला. मग खरे हत्यार. गावच्या तालमीत, शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्ट्याचे हात तुम्ही पाहिले असतील. जमिनीवरचे लिंबू पट्ट्याने चिरतात तो खेळ मुळात नेम शिकण्याचा आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

हे ऐकल्यावर मघाचे “इंजनाचा नळ” म्हणणारे गृहस्थ खाली मान घालून हसत होते.

भाला आणि विटा

भाल्याबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्या भाल्याचा दांडा भरीव वेळूचा. वेळू आपल्या डोंगरात उगवतो, हलका असतो आणि लवतो. टोकाला लोखंडी पाते. पायी माणसाजवळ भाला असला तर घोडा त्याच्या अंगावर येत नाही. तलवारीपेक्षा लोखंड थोडे लागते म्हणून भाला स्वस्त. गरीब शिपायाचा तो आधार.

विटा हे भाल्याचेच भावंड. त्याच्या दांड्याला लांब दोरी बांधलेली असते. दोरीचे दुसरे टोक हाताला. विटा फेकायचा, लागला तर ठीक, नाही लागला तर दोरी ओढून परत घ्यायचा. विहिरीत पडलेली बादली गळाने काढावी तसे. फेकलेला भाला एकदा गेला की गेला, माणूस रिकाम्या हाताने उभा. दोरी बांधल्यावर ती अडचण राहिली नाही. ज्याने ही युक्ती काढली त्याच्याकडे भाले फार नसावेत, असे आम्हाला वाटते.

घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचे, तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळे, तो बारगीर. आपल्या खोऱ्यातला बहुतेक गडी मात्र पायदळात. दहा जणांवर एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार अशी त्यांची रचना होती.

दुसऱ्या मुलखातले डोंगरी शेतकरी

आता थोडे लांब जाऊ. समुद्रापलीकडे युरोप खंड आहे. तिथे पाचसहाशे वर्षांपूर्वी मोठे सरदार डोक्यापासून पायापर्यंत लोखंडी पत्र्याचा पोशाख घालत. त्याचे वजन वीस-पंचवीस किलो. म्हणजे अर्धे पोते धान्य! पण ते ओझे सगळ्या अंगावर वाटलेले असे. त्यामुळे तो सरदार चालू शकत होता, घोड्यावरही चढत होता. पडला की उठताच येत नसे, ही नुसती थट्टा आहे. खरी गोष्ट अशी की तो पोशाख फार महाग होता. श्रीमंतालाच तो परवडे.

त्याच युरोपात स्वित्झर्लंड नावाचा डोंगराळ देश आहे. तिथले शेतकरी गुरे राखत, चीज करत. त्यांच्यावर ऑस्ट्रियाच्या लिओपोल्ड नावाच्या सरदाराने चाल केली. १५ नोव्हेंबर १३१५ ला मॉरगार्टन नावाच्या जागी गाठ पडली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला तळे, मध्ये अरुंद वाट. वाटेवर चिलखती घोडेस्वारांची रांग. शेतकऱ्यांनी डोंगरावरून धोंडे आणि ओंडके लोटले. घोडे बिथरले. मग शेतकरी खाली धावले.

त्यांच्या हातात काय होते? लांब दांड्याची कुऱ्हाड. तिच्या टोकाला भाल्यासारखे पाते. घोड्यावरच्या माणसाला लांबून गाठायचे आणि कुऱ्हाडीने तोडायचे. रानात लाकूड तोडणाऱ्या माणसाला हे हत्यार शिकवावे लागले नसेल. त्या दिवशी महागडे चिलखत हरले आणि कुऱ्हाड जिंकली.

ही गोष्ट सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचे एक आजोबा म्हणाले, “म्हंजे त्यांच्याकडंबी मावळेच होते की!” आम्ही काही बोललो नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

आपल्याकडेही सगळ्यांच्या अंगावर चिलखत नव्हते. चिलखत म्हणजे लोखंडी कड्या एकीत एक गुंफून केलेली बंडी. ती सरदारांकडे असे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखानाला भेटायला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, असे सांगतात. साधा मावळा कापूस भरलेली जाड बंडी घालून भागवी. नाहीतर उघड्या छातीने.

त्या भेटीतली वाघनखे सगळ्यांना माहीत आहेत. वाघनखे म्हणजे मुठीत लपणारी लोखंडी नखे. ते काही फौजेचे हत्यार नव्हे, एखाद्याच प्रसंगाचे. लंडनच्या एका संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याला ठेवली गेली. ती महाराजांचीच असे त्या संग्रहालयाने खात्रीने सांगितलेले नाही. पाहायला जाल तेव्हा हेही ध्यानात असू द्या.

बंदूक आणि पाऊस

बंदुका होत्या का? होत्या. पण आजच्यासारख्या नव्हत्या. त्यांना तोडेदार बंदूक म्हणत.

ती कशी चालायची पाहा. आधी नळीत दारू ओतायची. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांची भुकटी. मग शिशाची गोळी टाकायची. मग गजाने ठासायची. मागच्या बाजूला कानाजवळ चिमूटभर बारीक दारू ठेवायची, तिला रंजक म्हणतात. सुताची एक वात सारखी धुमसत ठेवायची, ती जामगी. घोडा ओढला की जामगी रंजकावर टेकते, रंजक पेट घेते, आतली दारू उडते आणि गोळी सुटते. मग पुन्हा पहिल्यापासून सगळे करायचे. एवढ्या वेळात समोरचा गडी धावत अंगावर येतो. म्हणून बंदूकवाल्याच्या कमरेलाही तलवार असायची.

आणि पाऊस आला तर? ओल्या सरपणावर चूल पेटवणाऱ्या बाईला विचारा. जामगी विझते. रंजक भिजते.

जुलै १६६० चा आषाढातला पाऊस आठवा. महाराज पन्हाळ्याचा वेढा फोडून रात्री विशाळगडाकडे निघाले. बरोबर बांदलांची माणसे, म्हणजे आपल्या भोरकडची. सिद्दी जौहरची फौज पाठीवर. १३ जुलैला घोडखिंडीत बाजीप्रभू थांबले आणि महाराज पुढे गेले. खिंड अरुंद. शत्रू कितीही असला तरी एका वेळी पुढे येणार ते थोडेच. बाकीचे मागे ताटकळत उभे. चिखल, पाऊस, चढ. अशा जागी हातघाईवरच सारी मदार असते. ढाल, तलवार, पट्टा, भाला, आणि वरून धोंडे. म्हणजे मावळ्याजवळ जे जे होते ते सगळे तिथे कामाला येणारे होते. सुमारे तीनशे माणसे खिंडीत उभी राहिली असे सांगतात. बाजीप्रभू पडले, महाराज विशाळगडावर पोचले. त्या खिंडीला पुढे पावनखिंड म्हणू लागले. जेधे घराण्याच्या जुन्या कागदात आहे की, यानंतर तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांच्या ऐवजी बांदलांना मिळाला. हिरडस मावळातल्या किती घरांत त्या वेळी चुली पेटल्या नसतील!

जिथे तलवार पुरी पडली नाही

मावळ्याचे हत्यार सगळीकडे जिंकले असे लिहिले तर ते खोटे होईल. आपल्या पूर्वेच्या पुरंदरावर काय झाले ते पाहा.

१६६५ साली मिर्झाराजा जयसिंग आणि दिलेरखान मोठी फौज घेऊन आले. त्यांच्याजवळ मोठ्या तोफा होत्या. पुरंदराच्या शेजारी वज्रगड आहे. त्याच्या समोर त्यांनी तोफा चढवल्या. एकेक तोफ चढवायला कित्येक दिवस लागले. पण एकदा वर गेल्यावर तट ढासळू लागला. १४ एप्रिलला वज्रगड पडला. वज्रगडावरून पुरंदरावर मारा करता येतो. मुरारबाजी देशपांडे गडावरून बाहेर पडून तलवारीने लढले आणि पडले. त्यांच्या शौर्यात काही कमी नव्हते. पण तोफेच्या गोळ्याला ढाल अडवत नाही. जून महिन्यात महाराजांनी तह केला. तेवीस किल्ले द्यावे लागले, बारा राहिले.

पुढे मराठ्यांनीही तोफा आणि सुरुंग मनावर घेतले. बनेश्वराच्या देवळात मोठी घंटा आहे, ती तुम्ही वाजवलीही असेल. तिच्यावर क्रूस आहे. महादेवाच्या देवळात क्रूस कसा? चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तिथल्या घंटा मग इकडच्या देवळांत आल्या, त्यांतली ही एक असे सांगतात. वसईचा तट तलवारीने पडला नाही. तटाखाली भुयार खणायचे, त्यात दारू ठासायची आणि बत्ती द्यायची, असे सुरुंग उडवून बुरूज पाडले. आणखी एक गंमत सांगतो. घंटा आणि त्या काळची मोठी तोफ दोन्ही तांबे आणि कथील मिसळून ओतत. घंटेत कथील जास्त, म्हणून ती नाद देते. तोफेत कथील कमी, म्हणून ती धक्का सोसते.

मावशींचे लोखंड

१८१८ साली पेशवाई गेली. १८७८ साली इंग्रज सरकारने शस्त्रांचा कायदा केला. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचे नाही, असा हुकूम. मग किती पाती माळ्यावर गेली, किती भिंतीत गेली आणि किती लोहाराच्या भट्टीत जाऊन त्यांचे विळे झाले, ते कोण मोजणार?

आजचा कायदा १९५९ सालचा आहे. त्यातही एक शहाणपणाची गोष्ट आहे. निव्वळ घरकामाचे किंवा शेतीचे जे हत्यार, म्हणजे आपला कोयता-कुऱ्हाड, त्याला तो कायदा शस्त्र म्हणत नाही. पण नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची धारदार तलवार शस्त्रात मोडते. ती मिरवणुकीत परजू नये, विकत घेऊ नये. घरात असेल तर पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू असेल तर १९७२ च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरू शकते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती परदेशी नेता येत नाही. शेतात नांगरताना जमिनीतून असे काही मिळाले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. हे भंगारवाला सांगत नाही.

मावशींनी सगळे ऐकले. मग विचारले, “याला भंगारात किती देतो म्हणाला सांगू का? पाव किलो चहा येईल एवढे.” वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी गंजावर थोडे खोबरेल चोळले, कारण आम्हीच सांगितले होते की वाळूने घासू नका, तेल लावा. घासले तर गंजाबरोबर पात्यावरची जुनी खूणही जाते.

मग त्यांनी वहीचे पान फाडले आणि पेन्सिलीने लिहिले. बराच वेळ लागला. लिहिले होते, “पटा. आमच्या घरचा. मोडीत देऊ नये.” आम्ही म्हणालो, “मावशी, ट ला ट जोडा.” त्यांनी खोडले आणि पुन्हा लिहिले. कागद सुतळीने पट्ट्याच्या कड्याला बांधला, फडके गुंडाळले आणि शेवटची एस.टी. चुकायला नको म्हणून लगबगीने निघाल्या.